‘स्वतःच्या जबाबदारीवर’

महाराष्ट्रात कुठेही राहा किंवा फिरा, एक वाक्य आपली पाठ सोडत नाही. सोसायटीच्या फाटकाशी ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’ असते, मंगल कार्यालयात ‘मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळाव्यात’ असते, आणि धबधब्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर, अर्ध्या गंजलेल्या पत्र्यावर, ‘पुढे धोका आहे, स्वतःच्या जबाबदारीवर जावे’ असते. मे महिन्याची सुट्टी किंवा दिवाळी तोंडावर आली की याच वाक्याची लांबलचक आवृत्ती पोलिसांच्या पत्रकाच्या रूपाने इमारतीच्या फळ्यावर येते. बाहेरगावी जाताना दागिने व रोकड घरात ठेवू नका, शेजाऱ्यांना कल्पना द्या, दूध व वर्तमानपत्र बंद करा, समाजमाध्यमांवर सहलीची छायाचित्रे लगेच टाकू नका, पोलीस ठाण्यात कळवा. यातली एकही सूचना चुकीची नाही. माझा आक्षेप सूचनांवर नाही. सूचना दिली म्हणजे संरक्षण दिले, या समजुतीवर आहे. सुट्टीच्या काळातली सुरक्षितता ही दर कुटुंबाची खासगी बाब आहे असे आपण मान्य करून टाकले आहे, आणि ज्या माणसांच्या जागेपणावर ती मुळात उभी असते, त्यांच्याकडे पाहायचे आपण सोडून दिले आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे एक घर फुटले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्यांत ते ठरलेले शब्द होतेच: ‘बंद सदनिकेचा कडी-कोयंडा उचकटून’. हे शब्द मराठी वाचकाने इतक्या वेळा वाचले आहेत की त्यांचा अर्थ त्याला आता दिसेनासा झाला आहे. मला तो त्या दिवशी दारापाशी दिसला. कुलूप सात लिव्हरचे, चांगल्या बनावटीचे, तळहाताएवढे जड. त्याच्यावर ओरखडाही नव्हता. ते कोयंड्यात तसेच अडकलेले होते आणि कोयंड्यासकट फरशीवर पडले होते. कोयंडा दाराला ज्या चार स्क्रूंनी धरून ठेवला होता, ते करंगळीच्या पहिल्या पेराएवढेही लांब नव्हते आणि दाराच्या भुसभुशीत लाकडातून भुसा घेऊनच बाहेर आले होते. चोराने कुलूप फोडण्याचा प्रयत्नही केला नव्हता. कटावणी लावून एक हिसका दिला असेल, तेवढ्यावर काम झाले. घरमालकाने कुलपावर दीड हजार खर्च केले होते. कोयंडा बिल्डरने बसवून दिलेला होता आणि त्याकडे पंधरा वर्षांत कुणाचे लक्ष गेले नव्हते. आपल्या एकूण सुरक्षाव्यवस्थेचे इतके नेमके चित्र मला दुसरे सापडलेले नाही. जड, चकचकीत, विकत आणता येणारी वस्तू एकीकडे. आणि ती ज्याला टांगलेली आहे ते चार आखूड स्क्रू दुसरीकडे.

दारावर बाहेरून लोंबणारे कुलूप हे तसेही घर रिकामे असल्याचे निवेदनच असते. दाराच्या आत बसवलेल्या लॅचला निदान तो दोष नाही. समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांचा पोलीस पत्रकांत हल्ली फार उल्लेख असतो, आणि विमानतळावरून ‘आम्ही निघालो’ असे स्टेटस ठेवणे हा वेडेपणा आहे हे मला मान्य आहे. तरीही पाळत ठेवणाऱ्याला मोबाइल उघडण्याची गरज सहसा पडत नाही. दाराच्या कडीत खोचलेले तीन दिवसांचे पेपर, संध्याकाळी सात वाजताही अंधारी राहिलेली खिडकी, उंबऱ्यावर पुसट होत गेलेली परवाची रांगोळी, वाळत घातलेले आणि दोन दिवस न काढलेले कपडे हे सगळे जिन्यातून चालत जाणाऱ्याला वाचता येते. मुद्दा असा की हेच सगळे शेजाऱ्यालाही वाचता यायला हवे. चोराला जेवढे दिसते तेवढेही आपल्या मजल्यावरच्या माणसांना दिसत नसेल, तर तो कुलपाचा दोष नव्हे.

चाळीत किल्ली शेजारी ठेवून गावाला जाण्याची रीत होती. गणपतीला चाकरमानी कोकणात जायचा, तेव्हा मुंबईतली खोली शेजाऱ्याच्या भरवशावर असायची. आणि उलट, गावाकडचे घर वर्षाचे अकरा महिने बंद असायचे तेव्हा तिथे कुणी भाऊबंद किंवा वाडीतली एखादी काकी तुळशीला पाणी घालायची, पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्यायची, संध्याकाळी पडवीत दिवा लावायची. एकाच माणसाची दोन्ही घरे अशी दोन वेगवेगळ्या माणसांच्या नजरेखाली असत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. चाळीतल्या चोऱ्या काही कमी नव्हत्या, आणि सगळ्यांची नजर सगळ्यांवर असण्याची किंमत तरुण मुलींनी व सुनांनी किती मोजली, हे ज्यांनी मोजली त्यांनाच विचारावे. फ्लॅटचे दार लावून घेण्यात एक सुटका होती आणि ती हवीच होती. पण ती घेताना शेजाऱ्याची जागा कुणी भरून काढायची, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. तिच्यासाठी आपण दोन गोष्टी विकत आणल्या: कॅमेरा आणि वॉचमन. कॅमेऱ्याचे काय झाले ते नंतर दाखवतो. राहता राहिला वॉचमन.

आमच्याकडची चोरी दुपारी एक ते तीनच्या दरम्यान झाली. त्या वेळी वॉचमन कुठे होता, हे सोसायटीच्या बैठकीत फार मोठ्या आवाजात विचारले गेले. तो सातव्या मजल्यावर पार्सल पोचवायला गेला होता. त्यापूर्वी पाण्याचा पंप सुरू करायला मागच्या बाजूला गेला होता. त्याहीपूर्वी एका सभासदाची गाडी दुसऱ्याच्या गाडीमागून निघावी म्हणून हातवारे करत उभा होता. ही तिन्ही कामे त्याला आम्हीच सांगितली होती. तो बारा तासांच्या पाळीवर असतो, महिन्याला एखादी सुट्टी त्याला मिळते, आणि ती घेतली तर पगार कापला जातो. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा कायदा आपल्याकडे 2005 सालापासून आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला वर्गात 100 तास आणि प्रत्यक्ष कामाचे 60 तास एवढे प्रशिक्षण सांगितले आहे, संस्थेला परवाना लागतो, रक्षकाची पूर्वतपासणी लागते. महाराष्ट्रात तर सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे व कल्याणाचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा 1981 इतका जुना आहे. असे असताना सोसायट्यांची कमिटी काय करते? तीन एजन्सींची दरपत्रके मागवते, सर्वांत कमी दराची निवडते, आणि परवाना, प्रशिक्षणाचा दाखला, रक्षकाच्या हातात प्रत्यक्ष पडणारा पगार यांतले काहीच विचारत नाही. मी स्वतः त्या कमिटीवर दोन वर्षे होतो आणि मीही विचारले नव्हते. आम्ही आमच्या रिकाम्या घरांचा पहारा एका उन्हातान्हात उभ्या, झोप अपुरी राहिलेल्या माणसाकडे सोपवला होता. त्याला मालकांपैकी निम्म्यांची नावेही माहीत नव्हती, कारण एजन्सी दर चार महिन्यांनी माणूस बदलत होती.

आणि संशय? तो सर्वांत आधी घरकाम करणाऱ्या बाईंवर गेला. त्या घरात काम करणाऱ्या मावशींना पोलीस ठाण्यात दोनदा बोलावले गेले, त्यांच्या मुलाची चौकशी झाली, आणि त्यांतून काहीही निघाले नाही तरी इमारतीतल्या दोन घरांनी त्यांचे काम बंद केले. सोसायट्यांच्या फाटकांवर आता मोलकरणीचा अंगठा यंत्रावर घेतात, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला मुख्य लिफ्टमध्ये चढू देत नाहीत, भाडेकरूची पोलीस पडताळणी होते. पडताळणीला माझा विरोध नाही. अनोळखी माणसाला घरात घेण्यापूर्वी त्याची माहिती असावी, हे रास्तच आहे. पण ही सारी यंत्रणा वरून खाली एकाच दिशेने पाहते. मोलकरीण ही इमारतीतली अशी व्यक्ती असते, की जिला कोणते घर कधीपासून बंद आहे, कुणाकडे आजारी माणूस एकटे आहे, कुणाच्या दारात परवापासून दुधाची पिशवी पडून नासते आहे हे नेमके ठाऊक असते. तिला संशयिताच्या रांगेत उभे करून आपण इमारतीतला सर्वांत जागा डोळा मिटवून टाकतो.

आता पोलिसांकडे येतो. ‘पोलीस ठाण्यात कळवा’ ही सूचना मी एकदा तंतोतंत पाळली. बारा दिवस बाहेर जायचे होते, म्हणून अर्ज लिहून घेऊन गेलो. तिथल्या हवालदारांनी तो सौजन्याने घेतला, दोनदा वाचला, आणि हा कोणत्या नोंदवहीत लावायचा, असे शेजारच्या टेबलाला विचारले. त्या टेबलालाही ते ठाऊक नव्हते. शेवटी अर्ज एका टोचणीत टोचला गेला. त्यांचा दोष मला वाटत नाही. बंदोबस्त, मिरवणुका, व्हीआयपी दौरे आणि न्यायालयाच्या तारखा यांतून उरलेल्या मनुष्यबळावर गस्त चालते, हे त्या खोलीत पाच मिनिटे बसणाऱ्याला कळते. पण नागरिकाने कळवावे असे जर पोलीस म्हणत असतील, तर कळवल्यानंतर काय होईल हेही ठरलेले असले पाहिजे.

हे अशक्य आहे असे म्हणायला जागा नाही, कारण दक्षिणेतल्या राज्यांनी करून दाखवले आहे. आंध्र प्रदेश पोलिसांची ‘लॉक्ड हाउस मॉनिटरिंग सिस्टिम’ अशी चालते: बाहेरगावी जाणारा रहिवासी ॲपवर नोंद करतो, पोलीस येऊन त्याच्या घरात हालचाल टिपणारा कॅमेरा बसवतात, आणि बंद घरात कुणी शिरले तर नियंत्रण कक्षात इशारा वाजतो. केरळ पोलिसांच्या ‘पोल-ॲप’मध्ये बंद घराची माहिती देण्याची सोय आहे आणि त्या घरावर 14 दिवसांपर्यंत लक्ष ठेवले जाते. या योजनांत उणिवा असतील. कॅमेरे थोडे आणि घरे फार, ही अडचण तर उघडच आहे. पण दोन्हींत एक तत्त्व मान्य केलेले आहे: घर बंद ठेवून जाणे हा नागरिकाचा हलगर्जीपणा नाही, आणि त्या काळात घराकडे पाहणे हे पोलिसांच्या नेहमीच्या कामातले एक काम आहे.

याच्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. रिकाम्या घरांची यादी तयार करणे म्हणजे चोराच्या हाती नकाशा देणे नव्हे काय? यादी फुटली तर? ही भीती निराधार नाही, विशेषतः ज्या देशात फ्लॅटचे बुकिंग केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फर्निचरवाल्यांचे फोन सुरू होतात तिथे. पण आज ती यादी नाही असे थोडेच आहे? विमान कंपनी, सहल कंपनी, दूधवाला, पेपरवाला, फाटकावरचे ॲप आणि सोसायटीचा दोनशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप या सर्वांकडे ती तुकड्यातुकड्याने आहेच. फक्त ज्यांनी घराकडे पाहायचे त्यांच्याकडे नाही. ठाण्यातल्या एका जबाबदार अधिकाऱ्याकडे, सहल संपताच पुसली जाणारी नोंद ठेवणे हे त्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे, असे मला वाटत नाही.

चोरी झाल्यावरची वाट मात्र कागदावर तरी थोडी सोपी झाली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते आणि तीन दिवसांत तिच्यावर सही करायची असते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावी लागते. म्हणजे मुन्नारला असलेल्या कुटुंबाला शेजाऱ्याचा फोन आला तर तिथूनही ते खबर देऊ शकते. रात्रीच्या वेळी चोरीसाठी केलेल्या घरफोडीला भारतीय न्याय संहितेत 14 वर्षांपर्यंत कैद आहे. शिक्षेच्या बाबतीत कायदा मऊ आहे, असे कुणी म्हणू शकणार नाही.

सोने बँकेत ठेवा, हा सल्लाही बरोबर आहे, पण तो देणाऱ्याने पुढचे वाक्यही सांगावे. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधले गेले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती आहे. भाडे तीन हजार असेल तर तीन लाख. आणि आजच्या भावाने तीन लाखांत आईच्या पाटल्याही यायच्या नाहीत. घराच्या विम्याचीही तीच गत. 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी घेतली की घर सर्वांगाने सुरक्षित झाले असे पुष्कळांना वाटते. तिच्यात चोरीची भरपाई मिळते ती आग, पूर यांसारख्या विमा उतरवलेल्या आपत्तीमुळे, त्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीची. नुसत्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि त्यातही घर सलग ठरावीक दिवसांहून जास्त रिकामे राहणार असेल तर आधी कळवण्याची अट अनेकदा असते. ही अट पाच पानांच्या इंग्रजी मजकुरात आठव्या आकाराच्या टाइपात असते, एवढेच सांगतो.

घर सोडून आपण जिथे जातो तिथली गोष्ट वेगळी वाटते, पण ती हीच आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तीही क्षणाक्षणाने वाढणाऱ्या पाण्यात एकमेकांना धरून उभी असताना. 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघे गेले. तो पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक होता, हे वाक्य अशा प्रत्येक घटनेनंतर ऐकू येते. ते बचावाचे म्हणून उच्चारले जाते, मला ते आरोपासारखे ऐकू येते. पूल धोक्याचा आहे हे ज्यांना फलक लावण्याइतके पक्के ठाऊक होते, त्यांनी रविवारी दुपारी तिथे दोन माणसे का उभी केली नाहीत? दुर्घटनेनंतर जमावबंदीचे आदेश निघतात, पंधरा दिवस पोलीस पर्यटकांना परत पाठवतात, मग पाऊस ओसरतो आणि फलक तेवढा उरतो.

गोव्याने 2008 पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले. तिथेही माणसे बुडतात, पण कुणीतरी शिट्टी वाजवून पाण्याबाहेर काढते आणि लाल झेंड्याचा अर्थ सांगते. महाराष्ट्राच्या 700 किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर मोजक्या गर्दीच्या जागा सोडल्या तर ते काम किनाऱ्यावरचा नारळपाणीवाला, घोडागाडीवाला आणि होडी ओढणारे कोळी करतात, बिनपगारी. ‘ओहोटी लागलीय, तिकडं जाऊ नका’ असे तेच सांगतात. वाळूत उभ्या माणसाला समुद्र शांत दिसतो. लाटा फुटत नाहीत असा गुळगुळीत पट्टा त्याला सर्वांत सुरक्षित वाटतो, आणि पाणी नेमके तिथूनच आत ओढत असते. हे पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही, तिथल्या माणसाने बोट दाखवले की राहते.

इथे आपल्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्या माणसाचे ऐकतो कोण? ज्याच्याशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, त्याने पाण्यात जाऊ नका म्हटले की त्याचा काहीतरी धंदा असेल असे आपल्याला वाटते. शहरातून निघताना आपण पैसे भरलेले असतात आणि त्या पैशांत समुद्रही आलेला असतो. पेल्यातल्या दारूचा भाग वेगळाच. कोकणातल्या आडवळणाच्या किनाऱ्यावर जाऊन, संध्याकाळी सहानंतर, गाडीतल्या स्पीकरच्या आवाजात कुणाची हाक ऐकू येणार नाही अशी व्यवस्था करून पाण्यात उतरणाऱ्यांसाठी कोणतेही सरकार पुरे पडणार नाही. वॉचमनला नावाने हाक न मारणारा, मावशींवर पहिला संशय घेणारा आणि कोळ्याचे न ऐकणारा हा एकच माणूस आहे, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच घरात राहतो.

आमच्या सोसायटीच्या सप्टेंबरमधल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, चोरीच्या निमित्ताने, आठ जास्तीचे कॅमेरे बसवण्याचा ठराव दहा मिनिटांत एकमताने मंजूर झाला. दिवसपाळीला दुसरा रक्षक नेमावा, पार्सल व पंप यांसाठी वेगळा माणूस असावा, आणि एजन्सी रक्षकाला किती पगार देते याची पावती दर महिन्याला मागावी, यावर सव्वा तास वाद झाला. दरमहा घरटी दोनशे साठ रुपये वाढणार होते. ज्यांच्या घरातून साडेतीन तोळे गेले होते, त्यांनीही आधी हात वर केला नाही. अखेर सहा मतांच्या फरकाने ठराव झाला; पगाराच्या पावतीचा भाग मात्र ‘पुढील सभेत विचारार्थ’ ठेवला गेला आणि अजून तो तिथेच आहे. नव्या रक्षकाचे नाव आता मला माहीत आहे, गाव माहीत आहे, आणि कुणाच्या दारात पेपर साठले तर तो इंटरकॉमवर विचारतो.

कोयंडा मीही बदलून घेतला. सुताराने दाराच्या आरपार जाणारे बोल्ट बसवले आणि आतल्या बाजूने नट आवळले. एकूण खर्च कुलपाच्या निम्म्याहून कमी आला. गेल्या दिवाळीत निघताना पहिल्यांदाच मी किल्ली समोरच्या काकूंकडे घेऊन गेलो. अकरा वर्षे समोरासमोर राहतो, पण असे काही मागायला त्यांच्या दारात उभा राहिलो नव्हतो, त्यामुळे थोडे अवघडल्यासारखे झाले. परतण्याची तारीख, गावचा फोन नंबर, मुख्य वीज आणि गॅसचा कॉक बंद केल्याचे मी सविस्तर सांगत होतो. त्यांनी किल्ली घेतली, देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि विचारले, “ते सगळं राहू दे. कुंड्यांना पाणी रोज घालायचं की दिवसाआड?”